कुसगावात न आलेली देवी

...आन दाडीचं इचारू नगा, तेवडं सोडून काय बी इचारा. ज्यो भेटतो त्यो माज्या हनवटीकडं बगतो आन म्हनतो, 'काय हौशीआबा, साधू झाला का काय?' अवो साधू कशाचा, माज्या घरात देवी हाय, आन देवी घरात आस्ताना दाडी करायची नसती, डोक्याला त्याल लावायचं नसतं, कालवनाला फोडनी द्यायची नसती, आन मी ह्ये समदं पाळतोय, येकटा, आळनी वरन-भात गिळतोय, आन मजा आशी का घरात कुनालाच देवी आलेली न्हाई. घरात कुनीच न्हाई. नुस्ता मी आन दाराला बांदलेला लिंबाचा डहाळा. हसा, हसा... समदं आविष्य मी कुसगावाला हसवलं, कुनाच्या बैलाच्या शिंगाला बायकूची चोळी बांदली, कुनाच्या होळीत त्येच्याच परसातलं दार जाळलं, आता तुमची पाळी हाय, हसून घ्या.

पन तुमाला सांगतो, ह्याच्या मुळाशी येक सवाल हाय. ही मुंबईची मानसं आली कशापायी? सरकारनं धाडलं का जपाननं हाकललं?

मी काय शिकलेला न्हाई, सही करताना माजं बोट वाकडं व्हतं, पन डोळं तर हायेत. तिकडं रंगूनवर जपाननं बाम टाकलं म्हनं, आन हिकडं लोनावळ्याच्या टेसनात गाडी थांबली का मानसं आशी सांडाय लागली जशी पोत्याची शिवन उसवली. कुनाच्या हातात शिवनाचं मशीन, कुनाच्या डोक्यावर लोनच्याची बरनी, येक म्हातारी पोपटाचा पिंजरा घिऊन उतरली आन त्यो पोपट फलाटावरच्या पोलिसाला 'या बसा' म्हनतोय. येका बाईनं पाटा-वरवंटा आनल्याला. म्या म्हनलं, बाई, लोनावळ्याला दगडाची काय कमी व्हती का? ती म्हनली, 'अहो आबा, घाईत जे हाताला लागलं ते उचललं.' आता घाईत मानसाच्या हाताला पाटा कसा लागतो?

आधी बंगलं भरलं. मंग बंगल्यांचं तबेलं भरलं. मंग दस्तगीर टांगेवाला येकेक कुटुंब टांग्यात कोंबून आमच्या कुसगावाला आनाय लागला. ह्यो दस्तगीर लोनावळ्याचा, माज्या धाकट्या भावावानी, भला मानूस, घोड्याशी सुदिक आदबीनं बोलतो. आमी बी आधी आनंदानं जागा दिली. कुनी वसरी दिली, कुनी गोठा झाडून दिला. पन आवो, दिवस चैताचं. आडाचं पानी तळाला गेल्यालं. आन ह्या मुंबईच्या लोकांला सकाळी आंगोळ, सांच्याला आंगोळ, आन मधी पोराला नुस्तं गरम झालं म्हनून आंगोळ. येका सकाळी आमची अंबूबाई, गावातली सगळ्यात जानती म्हातारी, तिनं आडात बादली सोडली आन वर आला नुस्ता चिखल. तिनं ती बादली तशीच डोक्यावर घिऊन पारावर आनली आन कोंडाजी पाटलाच्या म्होरं उपडी केली. म्हनली, 'घ्या पाटील, आंगाला लावा.'

बसली मंग बैठक. कोंडाजी म्हंजी आमचा पाटील, बोलायच्या आधी मिशीवरनं हात फिरवतो, तवर लोकांला वाटतं काय तरी लय मोठं येनार. म्हनला, 'ह्यो समदा सरकारचा डाव हाय. मुंबईत खानारी तोंडं लय झाली. सरकारनं सांगितलं, ज्येचं काम न्हाई त्येनं भाईर पडा. आन आपल्या बोकांडी बसवलं.'

म्या म्हनलं, 'पाटील, सरकार हुकूम काडनार, त्यो हुकूम कुसगावापतूर पोचनार, तवर जपान म्हातारा व्हईल. ह्यास्नी जपाननं हाकललंय.'

'जपान कुटं आलाय आजून?'

'आलेला न्हाई म्हनून तर पळत्यात. आल्यावर कोन पळंल?'

दस्तगीर कडंला घोड्याला चारा घालत उबा व्हता. त्यो म्हनला, 'आबा, माज्या टांग्यात रोज बसत्यात, मी इचारतो ना. ह्येला इचारलं तर त्यो म्हनतो श्येजारी गेला म्हनून निगालो. श्येजाऱ्याला इचारलं तर त्यो म्हनतो ह्यो निगायच्या इचारात व्हता म्हनून निगालो.' कोंडाजी त्येच्यावरच घसरला. 'तुज्या घोड्याचं पोट भरतंय नव्हं, तू गप ऱ्हा.'

मंग पाटील सोता वडगावाला कचेरीत जाऊन आला. तितं कारकुनानं सांगितलं म्हनं, 'आम्ही कोणाला पाठवलेलं नाही, तेव्हा आम्ही कोणाला परत बोलावणार नाही.' घ्या. आता कुनाच्या दारात जायाचं? सरकारनं धाडलं का जपाननं हाकललं, ह्येचा निकाल लागंना, आन आडात चिखल.

आन हितं माजी जीभ वळवळली. ती आदीपासूनच तशी हाय, काय करता. म्या म्हनलं, 'देवीला बोलवा. येशीला आन दारादाराला लिंब बांदा, उंबऱ्याशी हळदीचं पानी ठिवा. लेकराच्या आंगावर फोड उटवून जीव घेती ती देवी, तिच्या गावात कोन पाय घालतंय?' मी चेष्टेत म्हनलं. देवाशप्पत चेष्टेत म्हनलं. लोक हसतील आन घरी जातील असं वाटलं. कुनी हसलंच न्हाई. कोंडाजीनं मिशीवरनं हात फिरवला आन म्हनला, 'हौशा, जन्मात पैल्यांदा शहान्यावानी बोललास.'

तुमाला सांगतो, जवा लोक आपल्या चेष्टेवर हसत न्हाईत ना, तवाच मानसानं भ्यावं. मी न्हाई भ्यालो. मी झाडावर चडून डहाळं तोडून दिलं. अंबूबाई येकटी म्हनली, 'आईच्या नावानं खेळू नगा रे,' पन चिखलाची बादली तिनंच आनल्याली, म्हनून तिचा आवाज बारीक निगाला.

दुसऱ्या दिवशी टांगा आला. म्हातारा बाप, सून, दोन पोरं, वर गादीची वळकटी. दस्तगीरनं येशीवर लिंब बगितला आन लगाम वडला. त्येला आमी काय सांगितलंच नव्हतं, म्हनलं ह्यो टांगेवाला, बोलून बसंल. त्यो खाली उतरला, कानाला हात लावला, आन टांगा वळवाय लागला. आमी चौघं-पाचजन करवंदीच्या जाळीमागं दडून त्वांडात पटका कोंबून हसतोय. पन त्या म्हाताऱ्यानं काय करावं? टांगा थांबवला, खाली उतरला, पायतान काडलं, वळकटीतनं येक नारळ काडला, आन येशीपाशी ठिवून हात जोडून म्हनला, 'आई, गावातली लेकरं सांभाळ गं.' दोन्ही पोरांकडनं पाया पडवून घेतलं. आन गेली. तशीच, उनात.

आन त्यो नारळ आमी खाल्ला. खोबरं गोड निगालं, ह्येचाच तर तरास हाय. जरा खवाट तरी निगायचं का न्हाई?

पन चटक लागली. येक-दोन धीट लोक लिंब बगून बी दारापतूर याया लागले, 'नुसतं ओसरीवर राहू' म्हनून. मंग मला आनखी सुचलं. तुमाला ठावं हाय, मी आवाज लय झ्याक काडतो. कोंडाजीचा काडतो, कचेरीतल्या शिपायाचा काडतो, पन सगळ्यात झ्याक काडतो माज्या बायकूचा, बयाबाईचा. चाळीस-येक वरसं ऐकतोय, नगो याया? तर मी दार लावून आत बसायचो आन भाईर पाय वाजलं का आतनं कन्हायचो, 'नगा गं येऊ आत... लेकरं घिऊन नगा येऊ... आई आलीया माज्या आंगात...' आसं म्हनून जरा खोकायचं. लगी पळायची मानसं. पोरं कुडामागं जमायची आन म्हनायची, आबा, पुन्यांदा. मी पुन्यांदा. बयाबाईला ह्या आवाजाचं काय बी ठावं न्हाई, ती त्या येळंला वड्यावर धुनं घिऊन.

त्यात वडगावावरनं देवी काडनारा, म्हंजी टोचनारा, डाक्तर आला. कुनी तरी टेसनात सांगितलं आसंल का कुसगावात साथ हाय. ह्येला मातर सरकारनंच धाडलं बरं का, तितं काय वाद न्हाई. म्हनला, 'रोगी दाखवा.' रोगी कुटनं आनायचा? कोंडाजी म्हनला, 'आई आली व्हती, दर्शन दिऊन गेली.' डाक्तर म्हनला, 'ठीक. ओळीत उभे राहा.' आन समद्या गावाचं दंड टोचलं. पाटलाचा बी. ज्येंनी सुटका कराय देवी आनली त्येंचंच दंड सुजलं भोपळ्यावानी, रातच्याला गाव कुशीवर कन्हत पडलं. तवा तरी मला कळायचं व्हतं. न्हाई कळलं.

आता ऐका. हितनं म्होरं हसू नगा, हसला तरी मी काय म्हननार न्हाई, पन हसू नगा.

दुपारची येळ. मी आत बसल्यालो. कुडाभाईर चाक वाजलं, घोड्याचा घुंगरू वाजला, टांगा. म्हनलं, आलं येक गिऱ्हाईक. बाईची पावलं वसरीपतूर आली, येक पोरगं कुरकुरत व्हतं, तान्हं बी रडत व्हतं. मी घसा साफ केला आन काडला आवाज. 'नगा गं येऊ... लेकरं घिऊन नगा येऊ... आई आलीया...' आन त्या दिवशी जरा जास्तीच चांगला निगाला. भाईर येकदम गप. तान्हं बी गप. मला वाटलं, वा हौशीराम. म्हनून शेवटाला आनखी जोडलं, 'मी काय आता ऱ्हात न्हाई... जावा...'

भाईर हुंदका आला. मंग पावलं माघारी गेली, हळूहळू, जशी कुनाची जायाची विच्छा न्हाई. टांगा गेला. मी दार किलकिलं करून बगितलं तर उंबऱ्याभाईर येक कापडाची गठुडी ठिवल्याली. उघडली. त्येच्यात बयाबाईला आवडतो त्यो मुंबईचा खजूर, आन तिच्या मापाची चोळी.

तुमाला सांगतो, मला चोळी बगून बी कळलं न्हाई. म्हनलं, वा, ह्ये लोक देवीला चोळी बी वाहत्यात.

सकाळी दस्तगीर आला. कुडाच्या आत पाय घातला न्हाई. भाईर उबा राहून बारीक आवाजात म्हनला, 'आबा... वैनी कशी हाय?'

'कोन वैनी?'

'बयावैनी. रात काडली का? रतन रडून रडून आंधळी व्हायची बाकी हाय. म्हनती, आईनं मला जा म्हनलं, आन मी तोंड बी बगितलं न्हाई.'

रतन म्हंजी माजी लेक. येकुलती येक. मुंबईला गिरनगावात दिलेली.

म्हनलं, रतन आल्ती? 'काल नव्हं का आनली मी,' दस्तगीर म्हनला. 'तान्ह्याला आजून टोचलेलं न्हाई आबा, देवीच्या घरात कसं सोडू? माज्या घरी ठिवलीया. मदिना हाय तिच्यापाशी.' मदिना म्हंजी त्येची बायकू. आन हातातलं गाडगं म्होरं केलं. 'ह्ये दही. वैनीच्या आंगाची आग व्हत आसंल.'

आन त्येच्या मागनं, डोक्यावर हंडा, कमरंवर कळशी, आली बयाबाई. धडधाकट. म्हनली, 'काय रं दस्तगीर, कुनाच्या आंगाची आग व्हतीया?'

दस्तगीरनं तिच्याकडं बगितलं. मंग माज्याकडं बगितलं. मंग दाराच्या लिंबाकडं. आन त्यो भला मानूस, तुमाला सांगतो, घोड्याकडं गेला आन त्येची आयाळ सारकी करत बसला. त्येनं मला शिवी दिली आस्ती तर मी तिला उत्तर दिलं आस्तं.

बयाबाईनं हंडा उतरवला. माज्याकनं समदं काडून घेतलं, हळूहळू, जसा काटा काडत्यात. मंग म्हनली, 'आवाज माजा काडला?'

'चेष्टेत गं...'

'आन काय म्हनलासा माज्या आवाजात?'

म्या सांगितलं.

'माज्या तोंडानं माज्या लेकीला जा म्हनलासा.' येवडंच म्हनली. वरडली न्हाई. चाळीस वरसांत मी तिला न वरडता बगितलेलं न्हाई. पदर खवचला, दह्याचं गाडगं उचललं आन दस्तगीरच्या टांग्यात जाऊन बसली.

मी धावलो लिंब उतरवाय. दाराला हात घातला तर अंबूबाई आडवी. 'खबरदार. आई बोलावलीस, आता मानपानानं पाठवावी लागंल. दहीभात, लिंबाच्या पान्यानं आंगोळ, घरच्या सवाष्नीनं वटी भरायची, मंग लिंब सोडायचा. आसाच वरबाडलास आन उद्या गावात खरंच कुनाला आली तर?' आता हिला काय सांगनार? गावात समद्यांच्या बायका व्हत्या. समद्यांनी दहीभात केला, वटी भरली, लिंब सोडला, आडाचं उरलं पानी त्याच आंगोळीत गेलं. ऱ्हायलं माजं घर. सवाष्न लोनावळ्याला. सांगावा धाडला, तर उत्तर आलं, 'ज्येनं बोलावली त्येनं पाठवावी. मला आंगात आलेली न्हाई.' आन लिंब हाय तवर तान्हं त्या घरात यायचं न्हाई. बसा मंग दाडी वाडवत.

आळनी भात खाऊन खाऊन शेवटी ऱ्हावलं न्हाई. घोंगडी खांद्यावर टाकली आन लोनावळ्याची वाट धरली. वाटंनं मानसं. डोक्यावर वळकट्या, काखंत पोरं, आन मी त्येंच्यातच, माज्या बी खांद्यावर घोंगडी, दाडी वाडलेली, कुनाला वळकू याया नगो. येक बाई मला म्हनली, 'बाबा, कुसगावाकडे जाऊ नका हो, तिथे देवी आहे.' म्या म्हनलं, 'व्हय बाई. ठावं हाय.' मान वर हुईना.

दस्तगीरचं अंगन म्हंजी मुंबईच झाल्याली. टांग्याच्या छपराखाली, चाऱ्याच्या गंजीपाशी, जितं बगावं तितं कुटुंब. बयाबाई मदिनाबरुबर भाकरी बडवत बसल्याली, माज्याकडं पाठ. पाठ सुदिक वळखती का मी आलोय. रतन भाईर आली. तान्हं काखंला. पान्याचा तांब्या म्होरं केला आन खाली बगून उबी ऱ्हायली.

म्हनलं, काय तरी बोलावं, म्हनून त्येच इचारलं जे आमी दोन म्हयनं पारावर इचारत व्हतो. 'रतन, तुला गं सरकारनं धाडलं का जपाननं हाकललं?'

ती म्हनली, 'कुनी बी न्हाई आबा. चाळीत रोज येकेक खोली बंद व्हायची. नळावर दिवस-रात भांडनं आसायची, माजी कळशी आधी का तुजी. येक दिवस गेले तर नळ वाहतोय आन भांडाय कुनी न्हाई. तवा भ्या वाटलं. ह्ये म्हनले, गिरनी सोडून मला येता यायचं न्हाई, तू लेकरं घे आन आईकडं जा.' मंग तान्हं दुसऱ्या काखंला घेतलं. 'गाडीत दीसभर उबी व्हते. पन वाटायचं, आईकडं चाललेय.'

मी तांब्या त्वांडाला लावला. रिकामा झाला तरी लावूनच ठिवला.

ती म्हनली, 'दारात आबा, मी आईला मेलीच धरली. टांग्यात बसून तिला रडून घेतलं. आता ती म्होरं भाकरी करतीया तरी मधीच हात लावून बगते.'

आता ह्येला काय म्हनायचं? चुकलो म्हनावं तर तेवडा ल्हान सबुद. म्या म्हनलं, 'घरी चल.' ती म्हनली, 'लिंब हाय.' 'आईला म्हन, सोड.' 'आई म्हनती, तिचा आवाज परत द्या, मंग सोडती.' तुमी सांगा, आवाज परत कसा देत्यात? ती गेल्यापासनं मी आजपतूर कुनाचाच आवाज काडलेला न्हाई. पाटलाचा सुदिक न्हाई. पारावरचं लोक म्हनत्यात, हौशा आजारी हाय.

पन तिनं येक केलं. तान्हं माज्या मांडीवर ठिवलं. 'धरा, मी जेवन बगते,' म्हनली आन गेली. तान्ह्यानं दाडी धरली, सोडंना. म्हनलं, वड. जितकी वडायची तितकी वड.

जेवन झालं. फोडनीचं कालवन व्हतं, बयाबाईनंच ताटात वाडलं, बोलली न्हाई, पन दोनदा वाडलं. आता घरी जायाचं कुनाकडं? म्हनलं, हितंच पडावं. छपराखाली जरा जागा बगितली, तर तितं येक चष्मेवाला कारकून, बायकू, पोरं, पसारा टाकून बसल्याला. माजी घोंगडी बगून लगी सावध झाला. म्हनला, 'आजोबा, कुठून आलात?'

म्हनलं, 'कुसगावावरनं.'

'कुसगाव? अहो ते तर इथेच आहे. तिथून कशाला पळालात? तिथेही बॉम्ब पडला की काय?'

दस्तगीर पल्याड घोड्याला खरारा करत व्हता, त्येचा हात थांबला. चुलीपाशी बयाबाईचा हात थांबला. समदं अंगन माज्या त्वांडाकडं.

म्हनलं, 'पडला जी. मीच टाकला. जरा सरकता का, घोंगडी टाकतो.'